सेवेला प्रतिष्ठा देणाऱ्या रमाबाई रानडे

एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

महाराष्ट्राच्या इतिहासात रमाबाई नावाच्या तीन थोर स्त्रिया होऊन गेल्या. पंडिता रमाबाई, रमाबाई आंबेडकर आणि रमाबाई रानडे. नावे सारखी असल्यामुळे आपणा विद्यार्थ्यांची अनेकदा गल्लत होते. त्यातल्या रमाबाई रानडे यांच्याविषयी आपल्याला साधारणपणे एवढेच ठाऊक असते की त्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी, पतीने त्यांना घरी लिहावाचायला शिकवले आणि पुढे त्यांनी पतीच्या आठवणींचे एक सुंदर पुस्तक लिहिले. २०१२ साली दूरदर्शनसंचावर लागलेल्या 'उंच माझा झोका' या मालिकेमुळे त्यांचे बालपण घरोघर पोहोचले. हे सर्व खरेच आहे. परंतु रमाबाईंचे फार मोठे काम पतीच्या निधनानंतरचे आहे आणि त्याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. घराच्या चार भिंतींत अडकलेल्या स्त्रियांना रुग्णालयात नेऊन परिचारिका करणे, हे त्या कामातले एक मोठे अंग होय. या लेखात मी मुख्यतः त्याविषयीच लिहिणार आहे.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी कुर्लेकरांच्या घरात झाला. माहेरचे नाव यमुना. त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलीला शिकवण्याचा प्रश्नच नव्हता. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह महादेवराव रानडे यांच्याशी झाला. महादेवराव त्या वेळी एकतीस वर्षांचे होते, सरकारी न्यायखात्यात होते आणि त्यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती. ते विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. तेव्हा ते स्वतः एखाद्या विधवेशीच विवाह करतील अशी सुधारकांची अपेक्षा होती. पण वडिलांच्या आग्रहापुढे त्यांना मान तुकवावी लागली. लोकांनी त्यांना त्याबद्दल खूप बोल लावला. त्या बोलाचे उत्तर त्यांनी कृतीने दिले असे म्हणता येईल. लग्न होऊन घरी आलेल्या या अक्षरशत्रू मुलीच्या हाती त्यांनी लगेच पाटी दिली.

पुण्याच्या त्या मोठ्या वाड्यात दिवसा सासरच्या बायकांची सत्ता होती आणि रात्री नवऱ्याची शिकवणी. या दोहोंच्या मध्ये ही लहान मुलगी सापडली. माजघरात टोमणे, अबोला, मुद्दाम वाढवलेली कामे हे रोजचेच. इंग्रजी शिकवायला मडम येऊ लागली तेव्हा विटाळाचा प्रश्न निघाला. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. त्या सभांना जाणे हाही घरात मोठा अपराध ठरला. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही आणि शिकणेही सोडले नाही. घरच्या वडीलधाऱ्या बायकांचा मान राखायचा आणि आपली वाटही चालत राहायचे, ही अवघड विद्या त्या याच माजघरात शिकल्या. पुढे सनातनी पुण्यात काम करताना त्यांना हीच विद्या फार उपयोगी पडली असे मला वाटते.

१८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले, तेच आपले हुजूरपागा. त्याच्या खटपटीत रानडे पतिपत्नी दोघेही होते. मुलींच्या शिक्षणासाठी भरलेल्या सभेत रमाबाईंनी गव्हर्नरसाहेबांपुढे इंग्रजीतून मानपत्र वाचले. एका हिंदू घरंदाज बाईने पुरुषांच्या सभेत उभे राहून इंग्रजी वाचावे, ही गोष्ट त्या वेळी केवढी खळबळ उडवणारी असेल! १८९३ साली महादेवरावांची मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली आणि बिऱ्हाड मुंबईस गेले. तेथे रमाबाईंनी स्त्रियांसाठी भाषा, सामान्यज्ञान, शिवणकाम यांचे वर्ग चालवले.

१६ जानेवारी १९०१ रोजी महादेवराव वारले. रमाबाई तेव्हा अवघ्या अडतीस वर्षांच्या होत्या. त्या पुण्याच्या वाड्यात परत आल्या आणि सुमारे वर्षभर कोठेही गेल्या नाहीत. त्या काळी विधवेचे आयुष्य म्हणजे देवघराचा कोपरा आणि दुसऱ्याच्या संसारात राबणे. रमाबाईंना पैशाची चणचण नव्हती, नाव होते, लोकांचा आदर होता. त्यांनी जपमाळ घेऊन उरलेले आयुष्य काढले असते तरी कोणी दोष दिला नसता. तसे घडले नाही. त्या येरवड्याच्या तुरुंगात स्त्री कैद्यांना भेटायला जाऊ लागल्या. इस्पितळात फळे, फुले आणि पुस्तके घेऊन रुग्णांकडे जाऊ लागल्या. १९०४ साली मुंबईस भारत महिला परिषद भरली, तिचे अध्यक्षस्थान त्यांनी स्वीकारले.

रुग्णालयात त्यांना काय दिसले असेल याचा आपण जरा विचार करू. पुण्याचे ससून रुग्णालय डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ साली उभे राहिले. इमारत मोठी होती, डॉक्टर होते, पण रुग्णाच्या उशाशी बसणारे शिकलेले माणूस हवे, त्याचे काय? आपल्या देशात त्या काळी परिचारिकेचे काम बहुतांशी ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन आणि पारशी स्त्रिया करीत. हिंदू घरातील स्त्री या कामाला जात नसे. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचे, रात्रपाळी करायची आणि कोणत्या जातीच्या रुग्णाला पाणी पाजावे लागेल याचा नेम नाही! हे काम हलके आणि ते करणारी बाई संशयाची, अशी समजूत होती. दुसऱ्या बाजूला घरोघरी बाळंतिणी अंधाऱ्या खोलीत अशिक्षित सुईणीच्या हाती जीव सोपवत होत्या. १८९७ साली पुण्यात प्लेगने कहर केला तेव्हा परपुरुषाने तपासावे लागेल या भीतीने कित्येक घरांनी बायकांची दुखणी लपवली. त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या, दवाखान्यासाठी रुग्ण आणले, त्यांची शुश्रूषा केली आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचे प्राण घेतले. म्हणजे शुश्रूषेची थोरवी पुण्याला अगदीच अपरिचित नव्हती. परंतु एका थोर स्त्रीचा त्याग वेगळा आणि शेकडो सामान्य स्त्रियांनी शिकून, पगार घेऊन, नियमितपणे ते काम करणे वेगळे. त्यासाठी संस्था लागते.

ती संस्था म्हणजे सेवासदन. बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी १९०८ साली मुंबईत सेवासदन काढले आणि रमाबाईंना अध्यक्ष केले. २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्यात, रमाबाईंच्या राहत्या वाड्यात, पुणे सेवासदनचे काम सुरू झाले. ज्या वाड्यात त्यांच्या पाटीपुस्तकावरून वादळे झाली, तेथेच आता बायकांचे वर्ग भरू लागले! भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे या कामात त्यांचे उजवे हात होते. प्रौढ स्त्रियांना लिहायला शिकवणे, शिवण, हस्तकला, शिक्षिकांचे अध्यापनविद्यालय अशा एकेक शाखा निघत गेल्या. त्यातच परिचारिकांच्या शिक्षणाची शाखा निघाली.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. परिचारिकेचे काम फळ्यावर शिकवता येत नाही. जखम धुणे, पट्टी बांधणे, नाडी पाहणे, औषधाची मात्रा मोजणे, तापाची नोंद ठेवणे, हे सारे खाटेपाशी उभे राहूनच शिकायचे असते. खाटा ससूनकडे होत्या, डॉक्टर ससूनकडे होते आणि शिकून तयार झालेल्या बायकांना काम देऊ शकणारेही ससूनसारखे रुग्णालयच होते. ससूनकडे नव्हती ती बाई. आणि सेवासदनकडे बाया येत होत्या, पण त्यांच्या हाताला काम नव्हते. कोणी बालविधवा, कोणी नवऱ्याने टाकलेली, कोणी भावाच्या घरी एका भाकरीसाठी राबणारी. या दोन टोकांची गाठ घालणे हे रमाबाईंचे काम.

वरवर पाहता ही गाठ सोपी वाटते. बायांना रुग्णालयाच्या दारात नेऊन सोडले की झाले! पण मध्ये मोठमोठ्या अडचणी होत्या. पहिली अडचण अक्षरांची. जिला बाटलीवरचे नाव वाचता येत नाही तिच्या हाती औषध कसे द्यावे? तेव्हा आधी सेवासदनच्या वर्गात तिला लिहावाचायला शिकवावे लागे. दुसरी अडचण राहण्याची. रात्रपाळी करून आलेल्या तरुण विधवेला कोण घरात घेणार? तिसरी अडचण जेवणाची. त्या काळी पंगतीचा प्रश्न किती कडक होता हे वेगळे सांगायला नको. जेथे घरच्यासारखे अन्न नाही तेथे मुलीला पाठवायला कोणी तयार होत नसे. या दोन अडचणींवर सेवासदनने वसतिगृहे काढली. संस्थेच्या तीन वसतिगृहांपैकी एक वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनींसाठी आणि एक ससून रुग्णालयातील शिकाऊ परिचारिकांसाठी होते. म्हणजे दिवसभर शिकवणार रुग्णालय आणि सांभाळणार सेवासदन, अशी ही वाटणी. नोकरी देणारा आणि शिक्षण देणारा यांनी एकत्र येऊन माणूस तयार करावा, अशी भाषा आज आपण पुष्कळ ऐकतो. पुण्यात ती गोष्ट शंभराहून अधिक वर्षांपूर्वी काही बायकांनी करून दाखवली होती.

अशी योजना जगात त्यापूर्वी झाली नव्हती असे नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने लोकांनी जमवलेल्या निधीतून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली. तेथेही पैसा आणि देखरेख निधीची, तर खाटा आणि रुग्ण रुग्णालयाचे. शिकाऊ मुलींच्या राहण्याजेवणाची सोय केलेली होती. इंग्लंडमध्येही त्याआधी परिचारिकेचे काम हलकेच मानले जात असे. म्हणजे ही अडचण एकट्या पुण्याची नव्हती. आमच्याकडे तिच्यावर सोवळ्याओवळ्याचे आणि वैधव्याचे आणखी दोन पदर होते, एवढेच.

राहिली शेवटची अडचण. लोक काय म्हणतील? हिच्यावर वसतिगृह बांधून उपाय होत नाही. येथे रमाबाईंना स्वतःची पुण्याई खर्चावी लागली. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी, व्रतस्थ, घरंदाज वहिनीसाहेब ज्या संस्थेच्या प्रमुख आहेत, त्या संस्थेत मुलगी पाठवली तर तिच्या चारित्र्याला बोल लागणार नाही, असा विश्वास हळूहळू घरांतून निर्माण झाला. कित्येक सुधारक रमाबाईंना मवाळ समजत असतील. परंतु त्यांच्या साधेपणाच्या आणि सोज्ज्वळपणाच्या आधारानेच त्या बाया घराबाहेर पडू शकल्या, हे विसरून चालणार नाही.

या संदर्भात एक प्रसंग सांगितला जातो. सेवासदनचा वार्षिक समारंभ होता. बक्षिसे वाटली जात होती. परिचारिकांच्या शिक्षणक्रमातील एक तरुण विधवा बक्षीस घेण्यासाठी पुढे आली. केशवपन केलेले, अंगावर एकच लुगडे, डोक्यावरून पदर. तिला पाहताच सज्जात बसलेले विद्यार्थी हसू लागले, हुर्यो करू लागले. समारंभ कसाबसा पुढे चालला. शेवटी रमाबाई बोलायला उठल्या. नेहमी मृदू बोलणाऱ्या रमाबाईंनी त्या दिवशी त्या शिकलेल्या मुलांची चांगलीच कानउघाडणी केली. तुम्ही स्वतःला शिक्षित कसे म्हणवता, असा त्यांचा सवाल होता. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरात अशी एखादी दुर्दैवी बहीण, आत्या किंवा मावशी असेलच, तिच्याकडे पाहून तुम्हाला हसू कसे येते, असे त्यांनी विचारले. सभागृह चिडीचूप झाले. पुढे अशा स्त्रियांनी या शिक्षणाकडे वळावे म्हणून हा प्रसंग उपयोगी पडला, असे सांगतात.

हा प्रसंग वाचला तेव्हा मला त्या बाईइतकेच सज्जातल्या मुलांविषयी वाटले. कारण ती मुले आपल्यासारखीच कॉलेजची होती. त्यांनी पुस्तके वाचली होती, परीक्षा दिल्या होत्या. पण समोर उभी असलेली बाई पुस्तकातल्या कोणत्याही वीराइतकी शूर आहे हे त्यांना ओळखता आले नाही. ती घर सोडून आली होती. परक्यांची दुखणी तिने आपली मानली होती. आणि कष्टाने मिळवलेले बक्षीस घ्यायला ती मान खाली घालून का होईना, व्यासपीठावर चढली होती. तिचे नाव इतिहासाने ठेवलेले नाही.

रमाबाईंचे काम रुग्णालयापुरते नव्हते. आषाढी कार्तिकीला आळंदीच्या जत्रेत सेवासदनच्या स्वयंसेविका घेऊन त्या यात्रेकरू स्त्रियांच्या सेवेला जात. स्त्री स्वयंसेविकांनी जत्रेत काम करणे ही गोष्ट तेव्हा नवीनच होती. १९१३ साली गुजरात आणि काठेवाडात दुष्काळ पडला तेव्हा मदत घेऊन त्या तिकडे गेल्या. मुलींना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे म्हणून त्यांनी पुण्यात चळवळ केली आणि मुंबई इलाख्यातील स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्यातही त्या पुढे होत्या. या धबडग्यातच त्यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक लिहिले. ते १९१० साली प्रसिद्ध झाले. मराठी स्त्रियांच्या आत्मचरित्रांत त्याचे स्थान फार वरचे आहे. १९२४ साली रमाबाई वारल्या. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १५ ऑगस्ट १९६२ रोजी, भारत सरकारने त्यांचे चित्र असलेले टपाल तिकीट काढले.

थोर व्यक्तीचे चरित्र लिहिताना तिच्या मर्यादाही सांगाव्यात असे आमचे इतिहासाचे सर म्हणतात. सेवासदनचे दार सर्वांना उघडे होते, तरी आरंभीच्या काळात तेथे आलेल्या बाया मुख्यतः पांढरपेशा वर्गातल्याच होत्या. गावकुसाबाहेरच्या किंवा शेतात राबणाऱ्या बाईपर्यंत ती वाट पोहोचायला फार काळ जावा लागला. माझ्यासारखी, जिच्या घरात तिच्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नाही अशी मुलगी, त्या काळी रानडे वाड्याच्या ओसरीपर्यंत तरी गेली असती का, हा प्रश्न माझ्या मनात आल्यावाचून राहत नाही. पण प्रश्न आला म्हणून ऋण फिटत नाही. वाट एकदा पडली की तिच्यावरून मागून येणारेही चालतात.

आमच्या वस्तीतली एक मुलगी दोन वर्षांपूर्वी नर्सिंगला गेली. प्रवेश मिळाला तेव्हा तिच्या घरी आठ दिवस चर्चा चालली होती. नर्सिंग म्हणजे काय शिकवतात, हे कोणीच विचारले नाही. विचारले ते हे, की राहायचे कुठे, जेवायचे काय, रात्रपाळीला सोबत कोण आणि पुढे लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील. शेवटी कॉलेजला रुग्णालयाच्या आवारातच वसतिगृह आहे असे कळले तेव्हा तिच्या वडिलांनी होकार दिला. ते प्रश्न ऐकताना मला रमाबाईंची आठवण झाली नाही, कारण तेव्हा मी त्यांच्याविषयी काही वाचलेच नव्हते. आता वाचल्यावर कळते की तेच प्रश्न, त्याच क्रमाने, त्यांच्यापुढे आले होते आणि त्यांची उत्तरे त्यांनी विटा, चुना आणि स्वतःचे नाव लावून दिली होती.

आज वृद्धांची संख्या वाढते आहे, घरे लहान झाली आहेत आणि आजारी माणसाजवळ बसायला कोणाला वेळ नाही. रुग्णसेवा जाणणाऱ्या माणसांची गरज दवाखान्यात आहे, वृद्धाश्रमात आहे आणि घरोघरही आहे. त्याच वेळी आपल्या कॉलेजातून दरवर्षी कितीतरी मुलेमुली पदवी घेऊन बाहेर पडतात आणि काम शोधत हिंडतात. एका टोकाला काम आणि दुसऱ्या टोकाला हात, ही स्थिती पुन्हा तीच आहे. आपल्या तालुक्यातील दवाखाने आणि आपले महाविद्यालय यांनी एकत्र बसून काही करावे, सुट्टीत एखादा प्रथमोपचाराचा आणि रुग्णशुश्रूषेचा वर्ग दवाखान्यातच चालवावा, असे मला मनापासून वाटते. मात्र तो चालवायचा असेल तर वेळापत्रक आखून भागणार नाही. खेड्यावरून येणाऱ्या मुलीची शेवटची एस. टी. किती वाजता सुटते, हे आधी पाहावे लागेल. रमाबाईंनी निदान तेवढे तरी नक्कीच पाहिले असते.